नोटरीने बायकोला विचारलेले प्रश्न

“पद्धती कादंबरीपुरत्या ठेवा, घरी नेऊ नका,” असं नूपुर मॅडमनी माटुंग्याच्या कॉलेजात पहिल्याच तासाला बजावलं होतं. मी मान डोलावली आणि विसरले. माझा मुलगा नील तेव्हा सात महिन्यांचा. त्याच्या तोंडात काय जातंय एवढीच काळजी मला पुरे होती.

एम.ए.साठी माझ्या वाट्याला एक जुनी फ्रेंच कादंबरी आली होती. गावातला नोटरी, त्याची कंटाळलेली बायको, चारशे पानं. चार समीक्षापद्धतींनी ती वाचून निबंध सादर करायचा. सराव म्हणून मी तो ठाकूरद्वारच्या आमच्या घरात मोठ्याने वाचायचे. सासूबाई, म्हणजे आई, नीलला मांडीवर घेऊन ऐकायच्या; सासरे, म्हणजे अप्पा, पेपरामागून.

अप्पांना संहितानिष्ठ पद्धत पटली. कागदावर आहे तेवढंच बघायचं, बाकी सोडायचं. सरकारी कचेरीत चौतीस वर्षं आपण हेच केलं, म्हणाले. आईंना स्त्रीवादी आवडली. त्यात मी एक शोध लावला होता: चारशे पानांत नोटरी बायकोला एकोणीस प्रश्न विचारतो, आणि एकोणीसच्या एकोणीस वस्तूंबद्दल. बूट कुठेत, दिवा कुठाय. तिच्याबद्दल एकही नाही.

दुसऱ्या दिवसापासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीच्या रेघा दिसायला लागल्या. मला वाटलं, नीलच्या शीची नोंद. ती मीच ठेवते, तरी वाटलं.

आठव्या दिवशी त्यांनी निकाल सांगितला. अप्पांचे प्रश्न बासष्ट. चष्मा, टॉवेल, रिमोट, नेलकटर.

“आणि चहा झाला का, असं विचारतो ते?” अप्पा म्हणाले.

“चहा वस्तूच आहे, अहो.”

अप्पांनी मग संहितेचा आधार घेतला. लग्नात बायकोला प्रश्न विचारावेत असं लिहिलंय कुठे? तिथे बिघडलं. ज्याचं उत्तर वस्तू नाही असा एक प्रश्न विचारा, मग येते, एवढं सांगून आई वडाळ्याला भावाकडे गेल्या. माझा नवरा हेरंब म्हणाला, दोघांचंही बरोबर आहे, आणि ऑफिसला गेला.

अप्पांनी मसुदे सुरू केले. पहिला मला तपासायला दिला: ‘आपण केव्हा परत येणार, याबाबत कळवावे.’ मी म्हटलं, हा प्रश्न नाही, स्मरणपत्र आहे. मग त्यांनी फोन करून विचारलं, आमटीत गूळ आधी घालायचा की नंतर. आईंनी फोन ठेवला.

काल नीलला भरवताना ते शेजारी येऊन बसले. “लग्नाआधी तिला काय व्हायचं होतं गं?”

मला माहीत नव्हतं.

“मलाही नाही,” अप्पा म्हणाले. लग्नाला बेचाळीस वर्षं झालीत.

आज जेवण झाल्यावर इस्त्रीचा निळा शर्ट घालून, खिशात घडी केलेला कागद ठेवून ते वडाळ्याला निघाले. कागद मला दाखवला नाही. तीन तास झाले. त्यांचा फोन इथेच टेबलावर राहिलाय. आईंना फोन करावा तर सगळं आधीच फुटायचं. नीलला दातांमुळे कणकण आहे, त्याला घेऊन मी निघू कशी?

तुम्ही वडाळ्याला राहत असाल तर एवढं कराल? बागेसमोर चार मजली पिवळी इमारत आहे, फाटकाजवळ बाकडं. तिथे उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ कागद वाचत बसले असतील, तर त्यांना वर जायला सांगा. तिसरा मजला, डावीकडे. बाकडं रिकामं असलं तरी कळवा.