वाटंवरच्याची भाकरी

माझं नाव नकोशी. हसायचं आसंल तर आत्ताच हसून घ्या, मागनं न्हाय चालायचं. मल्हारदादाच्या पाठीवर वळीनं तिघी पोरी झाल्या, तिसरी मी, आन बारशाला आप्पांनी हेच नाव ठिवलं. थोरल्या दोघी लग्न हून नांदाय गेल्या. मी मातर सुपारी फुटायच्या दिशी, पाव्हणं वसरीवर बसल्यालं आसताना, चहाचा ट्रे खाली ठिवला आन म्हणलं, "मला न्हाय करायचं हे लग्न."

पाव्हणं उठून गेलं. आप्पा माझ्यावर आसं वराडलं की शेजारची माणसं गोळा झाली. "ह्या घरात परत पाय ठिवू नगंस!" मी काय कमी हाय व्हय? त्यांचीच लेक. "नाव ठिवलं तेच खरं करा," म्हणलं, पिशवी भरली आन शेळगाव फाट्यावर येऊन बारामतीची गाडी धरली. वाटंत कॅनॉल लागला तवा फोनमधलं सिम काढून खिडकीतनं पाण्यात भिरकावलं. त्याला आता तीन वर्सं झाली.

बारामतीत एमआयडीसीत एका कापडाच्या कारखान्यात शिलाईला लागले. तितं कॉम्प्युटरवर बसणाऱ्या पोरीला गादीची खुर्ची आसती आन डोक्यावर पंखा. मला बी ती खुर्ची पायजे व्हती. म्हणून भिगवण रोडला, मोबाईलच्या दुकानाच्या माडीवर, कॉम्प्युटरचा क्लास लावला. विनया मॅडम शिकवत्यात. लई चांगली बाई, पर माझं नाव घ्यायचं म्हणलं की आवंढा गिळत्यात. नुसतं "ताई" म्हणून भागवत्यात.

एक दिस मॅडमनी लूप शिकवायला घेतलं. म्हणल्या, "एकच काम पुन्हा पुन्हा करायचं असेल तर ते दर वेळी लिहीत बसायचं नाही. काम एकदा सांगायचं आणि एक अट घालायची. अट खरी आहे तोवर कॉम्प्युटर ते करत राहतो. अट खोटी झाली की थांबतो."

"म्हंजी भाकऱ्याच की," मी म्हणलं. "पीठ घ्या, थापा, तव्यावर टाका, परत पीठ घ्या. आमच्या आईचा जलम गेला लूपमधी, तिला कुणी सर्टिफिकेट दिलं न्हाय!"

समदा वर्ग हसला. मॅडम पण हसल्या. "मग तेच करा सगळ्यांनी. आपल्या घरात जितकी माणसं, तितक्या भाकऱ्या."

माझ्या घरात माणसं चार. आई, आप्पा, दादा आन सुकन्या वहिनी. मी सवताला धरलं न्हाय. कशाला धरू? टाईप केलं, बटण दाबलं, आन स्क्रीनवर एकाखाली एक 'भाकरी, भाकरी' आसं उमटलं. पाच येळा.

मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या. "ताई, एक जास्त आली बघा. मोजणी शून्यापासून सुरू केलीत आणि चारपर्यंत नेलीत. शून्य, एक, दोन, तीन, चार. झाल्या पाच. काही हरकत नाही, सुरुवातीला सगळ्यांचीच ही चूक होते."

"चूक न्हाय ती," मी म्हणलं. "बरोबर आल्यात."

शेजारी श्रिया बसती, कॉलेजातली पोरगी. ती म्हणली, "पाहुणे येणारेत वाटतं ताईंकडे!"

"आमच्यात आसंच आसतं," मी फणकारले. आन मंग सांगावंच लागलं. आमी धनगर. आप्पांच्या आज्यापास्नं दारात मेंढरं. घरची गडीमाणसं मेंढरामागं रानोमाळ हिंडायची, कोण कवा दारात यील त्याचा नेम नसायचा. म्हणून घरातली बाई माणसं मोजून भाकऱ्या करायची आन वर एक जास्तीची टाकायची. वाटंवरच्याची. मी लहान आसतानाच आप्पांनी मेंढरं इकली आन शेती धरली. वाटंवर कुणीच उरलं न्हाय, तरी आईच्या हाताची सवय सुटली न्हाय. आप्पा तिला चिडवायचं, "आगं, आता कोण यायचंय तुझं?" आई गप टाकायची. सकाळी ती भाकरी कुत्र्याला जायाची.

"मग आता ती कोणाची?" मॅडमनी सहज इचारलं.

वाटंवर आता मीच व्हते की!

मॅडमनी वाकून अट दुरुस्त केली. स्क्रीनवर चार भाकऱ्या आल्या. "हं, आता बरोबर," त्या म्हणल्या. मी त्या चार भाकऱ्यांकडं बघत बसले. आईची, आप्पांची, दादाची, वहिनीची. मला घरची आठवण आली. तीन वर्सं मी ती येऊ दिली न्हवती, ती समदी एकदम आली. आईच्या पदराचा वास, वसरीवरचं आप्पांचं खाकरणं, चुलीवरच्या कोरड्यासाच्या फोडणीचा ठसका. एकच गोष्ट कळायला पायजे व्हती. आई आजून ती पाचवी टाकती का? टाकत आसंल तर मला घर हाय. न्हाय तर मग नाव ठिवलं तेच खरं.

रविवारी निघाले. दुपारची गाडी धरायची व्हती, पर हा ड्रेस घालू का तो घालू करता करता ऊन कललं. इंदापूरच्या गाडीत बसले, तिकीट शेळगाव फाट्याचं काढलं. लासुर्णं गेलं. फाटा आला, कंडक्टर वराडला, आन मी मान खाली घातली, ओढणी डोळ्यांवर वडली आन पुढच्या सीटला कपाळ टेकवलं. एक काठीवाला म्हातारा तेवढा उतरला.

"उतरा की ताई, फाटा आला."

"मला इंदापूरलाच जायाचंय," म्हणलं. कंडक्टरनं घंटी मारली.

गरजंल तो पडंल काय! इंदापूरच्या स्टँडवर उतरून मी सवताला मनात लई शिव्या दिल्या. बारामतीला जाणारी गाडी फुडं लागल्याली व्हती, पर तिच्यात बी चढवंना. तेवढ्यात आमच्या वस्तीवरचं हिंदुरावतात्या खताची पोती भरून ट्रॅक्टर घिऊन निघालेलं दिसलं.

"नकोशे? तू हाईस व्हय गं? चल, बस."

मी बसले. ट्रॅक्टरच्या आवाजात बोलणं काय ऐकू येतंय! तात्यांनी फाट्यावरनं न जाता मळ्यातनं आडवी वाट धरली आन मला पार दारात सोडलं.

कुत्रं भुंकलं न्हाय, शेपूट हलवत आलं. वहिनीनं मला बघितलं आन तिच्या हातनं तांब्या पडला. आई चुलीम्होरं इस्तू सारत व्हती. तिनं मागं वळून बघितलं आन जागची हललीच न्हाय. "आलीस?" म्हणली. इवढंच.

माझी नजर भाकऱ्यांच्या टोपल्यावर गेली. काय करू, तेवढ्यासाठीच आलते. फडकं उचललं. मोजल्या. परत मोजल्या. चार.

"चारच टाकल्यास आई?" मी म्हणलं, आन माझा आवाज माझाच मला ओळखू आला न्हाय. "मंग जाते मी."

"आगं, कुठं जातीस, ऐक तरी..." आईनं राखेच्या हातानं माझं मनगट धरलं.

तवर आंगणात चपला वाजल्या. आप्पांचा आवाज आला, बाहीरनंच. "शेवटची गाडी बी गेली गं. सांजच्या गाडीतनं एक काठीवाला म्हातारा उतरला, बास. आज बी न्हाय आली ती."

आईनं माझा हात सोडला न्हाय. हळूच म्हणली, "रोजचं हाय हे. तव्यावरनं पयली भाकरी उतरली की फडक्यात बांधून घेत्यात आन फाट्यावर जाऊन बसत्यात. पोरगी उपाशी उतरंल म्हणत्यात."

आप्पा दारात आलं. केस पांढरं झाल्यालं. हातात फडक्याचं गठुडं.

"आप्पा," मी म्हणलं, "त्या म्हाताऱ्याच्या गाडीत मी व्हते."

तीन वर्सं मी त्यांना सुनवायचं म्हणून काय काय तयार ठिवलं व्हतं, त्यातलं एक आठवंल तर शपथ.

"मंग उतरली का न्हाईस?"

"तुमीच म्हणलता, घरात पाय ठिवू नगंस."

"मी म्हणलं आन तू ऐकलंस?" आप्पांचा आवाज फाटला. "जलमात कवा ऐकलंवतंस गं माझं?"

मग मी तितंच भोकाड पसरलं. आप्पांनी उपरण्यानं सवताचे डोळे पुसले, मग त्याच उपरण्यानं माझे पुसले आन ते गठुडं माझ्या हातात दिलं. "खा. पार निवलीया."

भाकरी वातड झालती, आत ठेचा व्हता. चुलीशी बसून समदी खाल्ली. आईनं दूध दिलं तर घेतलं न्हाय. आप्पा समोर बसून बघत व्हतं.

"हाईस का आता?" त्यांनी इचारलं.

"सकाळच्या गाडीनं जायाला पायजे आप्पा. कामावर खाडा हुईल. क्लास बी हाय. फुडल्या रविवारी येते की."

आप्पांनी मान हलवली. उगा चुलीतलं लाकूड सारखं केलं. मग आईकडं बघून म्हणलं, "उद्या बी टाक गं ती पाचवी."

"रविवारी येते म्हणती की ती," आई म्हणली.

"व्हय," आप्पा म्हणलं. "आन मदीच आली तर?"