न आलेलं उत्तर

तिनं कॅमेऱ्याची वायर उपटली, तरी टेबलावरचा दिवा हिरवाच राहिला.

थोडा वेळ लागत असेल, असं म्हणून तिनं वाट पाहिली. मग डावा हात पालथा करून कॅमेऱ्याखाली ठेवला. कारखान्यात त्याच जागी पत्रा कापणाऱ्या प्रेसचा साचा वरून खाली येतो. लाल दिवा म्हणजे आत हात आहे, मशीन थांबव. हिरवा म्हणजे कुणी नाही, येऊ दे खाली. वायर उपटलेला कॅमेरा ठार आंधळा होता, त्याच्यापुढे तिची पाचही बोटं पसरलेली होती, आणि दिवा अगदी शांतपणे सांगत होता की कुणी नाही.

"अगं बाई," ती म्हणाली आणि हात झटकन मागे घेतला. टेबलावर प्रेस नव्हता, तरीही घेतला.

हे सगळं सुरू झालं ते दादाच्या फोननं. दादा तिचा थोरला भाऊ, पत्र्याच्या कारखान्यात प्रेस चालवणारा. सहा प्रेसना तिच्या कंपनीचे कॅमेरे बसले ते त्याच्याच खटपटीनं. 'माझ्या बहिणीचा कॅमेरा' असं तो सगळ्यांना सांगायचा, जणू तिनं तो घरी विणलाय. पूर्वी दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय मशीन खाली यायचं नाही. कॅमेरा आल्यावर बटणं निघाली, पायाखाली पेडल आलं, काम भराभर व्हायला लागलं. रविवारी फोनवर भाच्याच्या मार्कांचं बोलता बोलता तो म्हणाला होता, "अगं, परवा गंमत झाली. हात आत होता आणि मशीन अर्धं खाली आलं की! थांबलं म्हणा नंतर. नख तेवढं काळं पडलंय." आणि हसला होता. त्याला प्रत्येक गोष्टीची गंमतच वाटायची. लहानपणी विहिरीत पडला होता, त्याचीही.

ती हसली नव्हती. सोमवारी सकाळी आल्याआल्या तिनं ड्रायव्हर उघडला.

ड्रायव्हर म्हणजे कॅमेऱ्याशी बोलणारा प्रोग्राम, मशीनमागच्या एका छोट्या डब्यात चालणारा. कॅमेऱ्याच्या चिपमध्ये नंबर दिलेले कप्पे असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. ड्रायव्हर सेकंदाला शंभर वेळा विचारतो, बाराव्या कप्प्यात काय आहे? एक असेल तर हात आहे, शून्य असेल तर नाही. विचारताना तो एक वाटी पुढे करतो, उत्तर तिच्यात पडतं. हा ड्रायव्हर लिहिणाऱ्यानं वाटीत आधीच शून्य घालून ठेवलं होतं. उत्तर आलंच नाही तर शून्य तसंच राहायचं. 'वाचन फसलं' असा निरोपही शेजारून यायचा, पण तो उघडून बघायची तसदी कुणी घेतली नव्हती. आणि त्या ओळीवर शेरा होता: 'हे वाचन फसत नाही. तपासायची गरज नाही.'

शेरा हा ड्रायव्हर लिहिणाऱ्याचाच होता; ऑफिसात सगळे त्याला दाढी म्हणायचे. दाढी पाच वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला, जाताना सगळ्यांना पेढ्यासारखे सल्ले वाटून गेला. माणूस हुशार होता, म्हणूनच इतक्या खात्रीनं चुकला. ऑफिसच्या टेबलावर वाचन खरंच फसायचं नाही. पण कारखान्यात कॅमेऱ्याची वायर मोटरच्या जाड केबलला चिकटून जायची, मोटर जोर घ्यायची त्या क्षणी उत्तर विस्कटायचं. आणि मोटर जोर घेते कधी? साचा खाली यायला लागतो तेव्हा.

तिनं वायर पुन्हा जोडली. पिन दोनदा निसटली.

तिच्या ऑफिसातल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. फक्त कुठलीही गोष्ट वाढण्याआधी मिटवायची त्यांना भारी हौस.

"तीनदा विचार," ते म्हणाले. "नाहीच आलं उत्तर, तर मागचं धर. कुणाला कळणारही नाही."

"तेच तर, साहेब. कळायलाच हवं. मागच्या क्षणी हात नव्हता, म्हणून आत्ता नाही असं कसं धरायचं?"

"मग काय करणार?"

"तीनदा विचारणार. तरी नाही आलं तर वर सांगणार की मला माहीत नाही. माहीत नसेल तर मशीन थांबेल. आणि कुठल्या कप्प्याशी, किती वाजता अडलं, त्याची नोंद होईल."

"सारखं थांबायला लागलं म्हणजे? नाकापेक्षा मोती जड."

"बोटांपेक्षा तरी जड नाही ना?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. "कर," ते म्हणाले. "पण कारखान्यातून तक्रार आली तर ती तुझ्या नावावर. मी मध्ये पडणार नाही."

चार दिवस ती त्या एका फंक्शनला, प्रोग्रामच्या त्या तुकड्याला, धरून बसली. शून्य काढून टाकलं. प्रत्येक वाचनाचा निरोप तपासला. फसलेलं वाचन कुठेही गिळलं जाणार नाही, पायरीपायरीनं थेट वरपर्यंत जाईल, अशी व्यवस्था केली. वीस वेळा वायर उपटली, वीस वेळा दिवा लाल झाला. दाढीचा शेरा तिनं खोडला तेव्हा तिला मनापासून बरं वाटलं. शेवटी घाईघाईत एक छोटा तक्ताही केला: सहाही मशीनच्या नोंदी दर तासाला ऑफिसात येतील आणि चुकांची बेरीज दिसेल.

पुढच्या सोमवारी तिनं स्वतः कारखान्यात जाऊन नवा ड्रायव्हर चढवला. दुपारपर्यंत सहा मशीनं मिळून एकेचाळीस वेळा थांबली.

म्हणजे आधीही रोज एवढ्या वेळा कॅमेरा आंधळा होत होता. तिला ते लख्ख दिसत होतं. बाकीच्यांना दिसत होतं ते थांबलेलं मशीन. "दादा, तुझ्या बहिणीनं मशीनला उचकी लावली की रे!" असं तिसऱ्या मशीनवरचा जाड्या ओरडला आणि सगळे हसले. दादाही हसला, पण त्याचे कान लाल झाले. फोरमन म्हणाला, "वायरी वेगळ्या करायच्या तर मशीनं दिवसभर बंद ठेवावी लागतील. पुढच्या आठवड्यात बघू. तोवर हे असंच थांबणार असेल तर मला वर लिहून कळवावं लागेल, ताई."

निघताना दादा फाटकापर्यंत आला.

"त्यानं लिहिलं तर तुला त्रास होईल का गं?"

"होईल थोडा. साहेब म्हणालेत, तक्रार आली तर माझ्यावर. होऊ दे. आठवडाभराचा तर प्रश्न आहे, एकदा वायरी वेगळ्या झाल्या की थांबायचं नाही."

"बरं," दादा म्हणाला. "तू नको काळजी करूस. मी बघतो."

मंगळवारी सकाळी नऊ चुका झाल्या. अकरानंतर एकही नाही. बुधवारी शून्य, गुरुवारी शून्य. तक्त्यात सहा शून्यं ओळीनं उभी, शाळेतल्या शहाण्या मुलांसारखी. साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. वायरी त्यांनी लवकरच वेगळ्या केल्या असतील, असं तिनं धरलं. माणूस सुखात असला की फार चौकशा करत नाही.

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास, चहाचा कप हातात असताना, तिला सहज वाटलं की एकूण वाचनं किती झाली तेही तक्त्यात दाखवावं. आकडा मोठा असतो, साहेबांना आवडेल. तिनं एक रकाना वाढवला.

एकूण वाचनं: शून्य. सहाही मशीनांची. मंगळवारी अकरापासून.

तिनं कप खाली ठेवला. नोंदी आल्याच नव्हत्या. कॅमेऱ्यांकडून चार दिवस काहीच आलं नव्हतं, आणि तिनं घाईत केलेल्या तक्त्यानं काहीच न येण्याला शून्य चुका म्हटलं होतं. दाढीनं जे केलं तेच तिनं केलं होतं. दाढीला निदान हे माहीत नव्हतं. तिनं तर चार दिवस तेच निस्तरण्यात घालवले होते, आणि पाचव्या दिवशी स्वतःच्या हातानं पुन्हा लिहून ठेवलं होतं. तिला स्वतःची इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं.

तिनं दादाला फोन लावला. वाजत राहिला. कारखान्याच्या ऑफिसचा लागत नव्हता. मग वहिनीला लावला.

"ते फोन कपाटात ठेवतात गं कामावर," वहिनी म्हणाली. "का? आवाज असा काय तुझा?"

"काही नाही वहिनी. दादा काही म्हणाला का मशीनबद्दल?"

"भारी खूश आहेत. म्हणाले, ताईचं काम फत्ते झालं, आता कुणी नाव ठेवणार नाही." मग वहिनीनंच विचारलं, "काही झालंय का?"

"अजून नाही," ती म्हणाली, आणि मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. तिनं फोन ठेवला आणि पर्स तशीच टेबलावर टाकून बाहेर पळाली.

कारखाना चाळीस मिनिटांवर. बसमध्ये ती उभीच राहिली, बसायला जागा असूनही. शेजारची म्हातारी तिच्या हाताकडे बघत होती. ती आपलीच बोटं एकेक करून दाबत होती, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, पुन्हा अंगठ्यापासून.

शेडमध्ये सहाही प्रेस चालू होते. ठण, ठण, ठण. कुठे अडखळणं नाही. सहा खांबांवर सहा हिरवे दिवे. जाड्या पत्रा सरकवत होता, मान मागे वळवून शेजारच्याशी बोलत होता, आणि हात कोपरापर्यंत साच्याखाली. त्याला बघायची गरज नव्हती. कॅमेरा बघत होता ना.

दादानं तिला पाहिलं आणि तोंडभर हसला. मशीन सोडून, हात पुसत पुढे आला.

"आलीस? बघ, मंगळवारपासून एकदा तरी थांबलंय का! फोरमननं कागद लिहायला घेतला होता, तो तसाच फाडला."

"दादा, वायरी वेगळ्या केल्या का?"

"छे, त्याला कुठे वेळ आहे?"

"मग थांबत का नाही?"

दादानं इकडेतिकडे पाहिलं आणि तिला मशीनमागे नेलं. लहानपणी आईपासून लपवून ठेवलेल्या कैऱ्या दाखवताना त्याचा चेहरा असाच व्हायचा. ड्रायव्हर चालतो त्या डब्याचाच विजेचा प्लग काढून बाजूला टांगलेला होता, म्हणजे कॅमेराही बंद आणि नोंदीही. डब्याच्या मागे, मशीनला निरोप जातो त्या दोन स्क्रूंमध्ये वीतभर तांब्याची तार पिळून बसवलेली.

"मशीनला काय, 'कुणी नाही' एवढंच ऐकायचं असतं," तो हलक्या आवाजात म्हणाला. "ते ही तारच सांगते. दिवाही तिच्यावरच. वायरी वेगळ्या झाल्या की काढून टाकीन. तुझ्यावर तक्रार आली असती ना?"

"बाकीच्या मशीनांना?"

"सगळ्यांना. मंगळवारी चहाच्या सुट्टीत मीच केलं, एकट्यानं. कुणाला पत्ता नाही." तो खुशीत होता. "सगळ्यांना सांगितलं, बहिणीनं सुधारून दिला. जाड्यानं तर पाठ थोपटली माझी."

ठण, असा आवाज तिसऱ्या मशीनवरून आला, आणि जाड्या मोठ्यानं हसला. कशाला तरी हसला, एवढंच.

 भिंतीवर सगळ्या मशीनांची वीज तोडणारा मोठा खटका होता. ती त्याच्यापर्यंत चालत गेली, धावली असती तर सगळ्यांनी वळून पाहिलं असतं, आणि हात आत असलेल्या माणसानं वळून पाहायला नको होतं. तिनं दोन्ही हातांनी खटका खाली ओढला.

सहाही मशीनं एकेक करून मंदावली आणि थांबली. दिवे विझले. इतक्या शांततेत शेडचं छप्पर तापल्याचा कडकड आवाजसुद्धा ऐकू यायला लागला.

केबिनचं दार उघडून फोरमन बाहेर आला. "कुणी बंद केलं? कुणी केलं रे?"

तिनं तोंड उघडलं. सांगायचं ते सगळं तिला ठाऊक होतं: काय फसलं, कुठे, किती वाजल्यापासून. फक्त त्यापुढे एक नाव होतं. नोकरीवरून तिथल्या तिथे काढतील असं नाव. वहिनी, भाच्याची शाळा, सगळं त्या नावामागे उभं होतं. 

तेवढ्यात दादा पुढे झाला.

"मी, साहेब. बहिणीला दाखवत होतो, चुकून ओढला गेला."

"हा काय पोरखेळ आहे? चालू कर आधी."

"करतो, साहेब."

माणसं पुन्हा आपापल्या जागी बसली. जाड्यानं नवा पत्रा उचलून साच्याखाली सरकवला आणि तो नीट बसवायला दोन्ही हात आत घातले. दादानं तिला डोळ्यानंच 'मी आहे ना' अशी खूण केली आणि खटक्याकडे हात नेला.

तिनं त्याचं मनगट धरलं.

"साहेब," ती फोरमनला म्हणाली, आणि तिचा आवाज अजिबात हलला नाही, "हा खोटं बोलतोय. मशीनांच्या मागे चला, दाखवते."

दादानं मनगट सोडवून घेतलं नाही. तिच्याकडे बघितलंही नाही.