झाकलेल्या नावांची मोजणी

मी एक जुना, पांढऱ्या तोंडाचा, भिंतीला पाठ टेकून बसलेला डबा आहे, मित्रांनो. पोटात उजेडाच्या दोन नळ्या आणि पुढे दुधी काच. एक्स-रेचं काळं चित्र काचेवर अडकवायचं, बटण दाबायचं, की माणूस आतून कसा आहे ते मी दाखवतो. चाळीस वर्षं हेच केलं. तुमच्या आजोबांची फुफ्फुसंही पाहिली असतील, फक्त ओळख कुणी करून दिली नाही.

पत्र्याच्या कारखान्यात जन्मलो आणि थेट दवाखान्यात आलो. तेव्हा काय तोरा होता माझा! औषधांच्या कपाटाची हरवलेली किल्ली मीच शोधून दिली. कंपाउंडरच्या पोटात होती. एकदा सर्कशीतल्या वाघाचा खोकलाही तपासला. वाघाने श्वास रोखला की नाही माहीत नाही, बाकी सगळ्यांनी रोखला होता. खोटं वाटत असेल तर वाघाला विचारा.

पुढची गोष्ट मात्र वाघापेक्षा खरी आहे.

एक्स-रे काढणाऱ्या ताईंना सगळे 'श्वासरोखे ताई' म्हणत. दिवसभर त्यांचं एकच चाले, "श्वास घ्या... रोखा... सोडा." झाडूवाल्या मावशी म्हणायच्या, "ताई, एक दिवस 'सोडा' म्हणायला विसरलात तर अख्खं गाव निळं पडेल हो!"

एके वर्षी नवीन डॉक्टरबाई बदलून आल्या. मित्रांनो, काही बायकांच्या छातीत सिलिकॉनची मऊ पिशवी बसवलेली असते. कुणी हौसेने बसवून घेतं, तर कुणाचा स्तन आजारात काढावा लागतो, म्हणून त्या जागी ती येते. त्यात लाजण्यासारखं काही नाही, तरी बायका बोलत नाहीत. चित्रात मात्र तिची गोल, गुळगुळीत कडेची सावली दिसते.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "अशा बायकांसाठी वेगळी तपासणी सुरू करायचीय. पण आहेत तरी किती? विचारून कोण सांगणार! म्हणून चित्रांनाच विचारू. ताई, दहा वर्षांतली बायकांच्या छातीची सगळी चित्रं काढा. आणि नावं झाका बरं का. कुणाची झाकली मूठ उघडायला नको."

ताईंनी दोन हजार चित्रांवर काळी चिकटपट्टी लावली. नऊ चित्रांवर दोन-दोन पट्ट्या लावल्या. ती नऊ त्यांची स्वतःची होती.

नऊ वर्षांपूर्वी परगावी त्यांचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून दरवर्षी छातीचा एक फोटो इथे काढायचा. तो काढणारे तंत्रज्ञ काका निवृत्त होऊन गेलेले. घरी नवरा आणि बहीण सोडली तर कुणाला पत्ता नव्हता. आणि दुसऱ्यांची चित्रं काढली की वाचायला डॉक्टरांकडे जात, त्यामुळे ताईंची खात्री होती की या गावात अशा आपण एकट्याच.

मोजणी सुरू झाली. ताईंचं चित्र लागलं की माझी डावी नळी फडफडे.

"हा डबा मधूनच डोळा मारतो की काय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

नळी सैल होती. पण मी मुद्दाम मारला, असंच सांगत आलोय.

चौथ्या दिवशी डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "दोन हजारांत वीस! म्हणजे शंभरात एक. दुपारच्या टपालाने आकडा वरच्या कचेरीला जाऊ दे."

ताई माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. गप्प राहावं तर चुकीचा आकडा जाणार, बोलावं तर मूठ उघडणार.

"डॉक्टरबाई, टपाल थांबवा. वीस बायका नाहीत या. वीस चित्रं आहेत."

"अहो, मग तेच ना?"

"नाही. यातली नऊ एकाच बाईची आहेत. हे खांद्याजवळचं हाड बघा, नऊच्या नऊ चित्रांत सारखंच वाकडं. लहानपणी झाडावरून पडली होती ती."

"झाडावरून पडलेलंही दिसतं तुम्हाला?"

"दिसत नाही. आठवतं."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग खुर्ची ओढून ताईंना बसवलं.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "नावं झाकली आणि पट्टीखाली एकच बाई नऊदा मोजली. नावं झाकलेलीच राहू देत. प्रत्येकीला एक क्रमांक देऊ आणि पुन्हा मोजू."

"आणि उरलेली अकरा..." ताईंनी उरलेली चित्रं पुढे ओढली. "तीही एकीचीच निघाली तर?"

पुन्हा मोजायला दोन दिवस लागले. दोन हजार चित्रं बाराशे बायकांची निघाली. त्यात पिशवी असलेल्या सहा. म्हणजे दोनशेत एक.

"माझ्याशिवाय पाच?" ताईंनी विचारलं.

"पाच. आपल्याच बाकावर बसून गेलेल्या. ताई, आता सोडा श्वास. नऊ वर्षं रोखलाय."

ताईंनी सोडला. माझ्या काचेवर वाफ धरली. बरं, थोडीशी धरली.

आता चित्रं संगणकावर दिसतात. मला भंगारात काढायचं ठरलं होतं, पण ताईंनी नव्या तपासणीच्या खोलीत आणून टांगलं. पहिल्या दुपारी एकच बाई आली. दाराशीच बसली, पदर घट्ट आवळून. ताईंनी माझ्यावर स्वतःचं चित्र लावलं आणि वरच्या दोन्ही पट्ट्या सोलून काढल्या.

"ही मी. या, आत या."

ती बाई उठून माझ्याजवळ आली. चित्र बघता बघता तिच्या हातातला पदर सैल झाला.

मित्रांनो, मोजाल तेव्हा माणसं मोजा. कुणी नाव झाकून ठेवलं असेल तर पट्टी ओढू नका, ज्याची त्याला काढू द्या. आणि जुना डबा फेकण्याआधी एकदा बटण दाबून पाहा. माझी धूळ जरूर पुसा, पण डावी नळी घट्ट करू नका. ताईंचं चित्र लागलं की मला अजून डोळा मारायचा असतो.