झाडाचे काळे केस

गावातल्या म्हाताऱ्या अबाह विकार्तांनी झाडाच्या बुंध्यावर हात फिरवला आणि तळवा इमासपुढे धरला.

"बघा बाई, एक केस शिल्लक ठेवला नाही. कालच सगळं खरवडून जाळलं."

रोज्यांचा महिना तोंडावर आला होता, म्हणून चहामळ्याच्या त्या गावाने आपलं कबरस्तान झाडून लख्ख केलं होतं. त्यातच कबरींवर झुकलेल्या पुस्पा जातीच्या झाडाचीही हजामत उरकली होती. खालच्या वनस्पती-उद्यानात संशोधन करणारी इमास कित्येक वर्षं या एका झाडासाठी डोंगर चढत आली होती. त्यावर लोंबणारं काळं शेवाळ तिच्या माहितीत जगात दुसरीकडे कुठेच नव्हतं.

"चहाला लागते ना, तीच केसाळ बुरशी," अबाहंची बायको ओदाह म्हणाली. "एका फांदीला लागली की अख्खा उतार गिळते. तुम्ही इथं तासन्‌तास तोंड पाडून बसायचात. मी ह्यांना म्हटलं, झाड साफ करा म्हणून सांगायला बाई लाजतेय, तुम्हीच उरका."

खरं काय ते सांगायला इमासचं मन अजूनही धजेना.

"बरं केलंत," ती पुटपुटली.

"आता झऱ्यापलीकडची चार-पाच झाडं उरली." अबाहंनी कोयता उचलला. "तिथंही असेच केस आहेत."

"थांबा!"

ती एवढ्या जोरात ओरडली की दोघं दचकले. कबरीच्या फटीत त्या केसांचा एक धागा अडकला होता. तो उचलून तिने गळ्यातलं भिंग अबाहंच्या हाती दिलं, आजवर पहिल्यांदाच.

"नीट बघा. बुरशीचा केस गुळगुळीत असतो, घोड्याच्या शेपटीसारखा. याला बारीक पानं आहेत. हे शेवाळ आहे, अबाह. झाडाला काही करत नाही. आणि फार दुर्मीळ आहे."

अबाह बराच वेळ भिंगातून बघत राहिले.

"मग सांगितलं का नाहीत?"

थाप मारणं सोपं होतं.

"भीती वाटली. तुम्ही ओरबाडून विकाल, असं वाटलं मला." शरमेने तिची मान वर होईना.

"विकून काय, गंगावन करणार होतो याचं?" ओदाह म्हणाली, पण हसली नाही.

अबाहंनी भिंग लुंगीला पुसून परत दिलं आणि कोयता बायकोकडे सोपवला.

"चला, उजेड आहे तोवर ती झाडं बघून घ्या." दोन पावलं चालून ते थांबले. "वाटेत आमची सून चहा खुडत असेल. तिच्यादेखत या शेवाळाबद्दल बोललं तर चालेल ना?"

त्यात टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते.