टोपलीतून येणारी बरकत

एस्तर मावशीचा वजनकाटा त्र्याण्णववर येऊन बसला आणि उठेचना.

सर्जनने स्पष्ट सांगितलं होतं, नव्वदच्या आत या, मग गुडघा बदलू. झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या, आधी वजन दाखवायचं, नाहीतर तारीख दुसऱ्या पेशंटला, आणि मग थेट पुढचा हिवाळा. मावशी शुब्रा वस्तीत आमच्याच इमारतीत राहते. आम्ही पाचव्या मजल्यावर, ती चौथ्यावर, एकटी. लिफ्ट नाही. मागच्या वेळी सर्जनकडे न्यायचं होतं तेव्हा तिला खुर्चीत बसवून चौघांनी जिन्यावरून उतरवलं, आणि त्या चार शूरवीरांनी प्रत्येक मजल्यावर थांबून "अरे देवा, कंबर गेली!" असं ओरडून अख्ख्या इमारतीला दारात आणलं. मावशी हसत होती. घरी आल्यावर मात्र तिने मला सांगितलं, "युस्तिना, परत त्या खुर्चीत मी बसणार नाही. जाईन तर माझ्या पायांनी, नाहीतर नाहीच जाणार."

तेव्हापासून ती खाली उतरली नव्हती. तिचा सगळा बाजार गॅलरीतून दोरीने सोडलेल्या टोपलीतूनच वर यायचा.

आणि वजन उतरतही होतं, छान उतरत होतं. मग ईस्टरच्या आधीचा मोठा उपास सुरू झाला. मांस बंद, दूध बंद, अंडी बंद, दुपारपर्यंत पाण्याचा घोटही नाही. आणि नेमकं तेव्हाच वजन थांबलं. एवढी उलटी गोष्ट घडली तर शहाणा माणूस विचारात पडेल. आमच्याकडे शहाणी माणसं नव्हती, सल्लागार होते.

पहिले डॉक्टर रामेझ, वजनाचे तज्ज्ञ, फोनच्या पडद्यावर भेटणारे. दात इतके पांढरे की बोलणं बाजूला राहून माणूस तेच बघत बसतो. म्हणाले, "याला प्लॅटो म्हणतात, मॅडम. शेवटचे दोन-तीन किलो सगळ्यांनाच नडतात. काय खाताय?"

मावशीने प्रामाणिकपणे सांगितलं. फूल, म्हणजे उकडलेले बाकल्याचे दाणे, एक वाटी. काकडी. मसुराचं पातळ सूप. तेल चमच्याने मोजून.

"आणि चोरून काय?"

"चोरून काही नाही, डॉक्टर."

"मॅडम, शरीर खोटं बोलत नाही. माणसं बोलतात." आणि ते दात दाखवून हसले. मावशीने मान खाली घातली. मला वाटलं, पडद्यात हात घालता आला असता तर किती बरं झालं असतं. काकडी बंद करा म्हणाले. काकडी! काकडीने आजवर कोण जाड झालंय?

दुसरे वहीबकाका, मावशीच्या वारलेल्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. चर्चच्या भट्टीवर कुर्बानचे, म्हणजे प्रार्थनेत अर्पण करायचे, गोल पाव भाजायचं काम त्यांच्याकडे आहे, पण त्यांची चाल बघाल तर वाटेल पोपच आले. पावावर क्रॉसचे ठसे असतात. त्यातला एकच वेदीवर जातो, बाकीचे बरकत म्हणून लोकांना वाटतात. प्रार्थना आटोपली की काका मावशीच्या गॅलरीखाली उभे राहायचे आणि गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडायचे, "वहिनी! उपास देवासाठी असतो, पोटासाठी नाही! जरा जिभेला आवरा! टोपली सोडा!"

मावशी टोपली सोडायची. काका त्यात पिशवी ठेवायचे. ती "कृपा झाली, भावजी" म्हणायची आणि दोरी ओढायची.

मी त्या वेळी शाळेत असायचे, म्हणून पिशवी कधी उघडून पाहिली नव्हती. एके दिवशी फिजिक्सच्या बाई आल्या नाहीत, आम्हाला लवकर सोडलं. मी वर गेले तर मावशी टेबलाशी बसलेली. समोर पिशवी, हातात कोरडा पाव, शेजारी पाण्याचा पेला. एक घास, एक घोट. औषध घेतल्यासारखी खात होती.

"काय करतेस?"

"काही नाही गं. बरकत घेतेय."

मी पिशवीत डोकावले. तळहातापेक्षा मोठे, जाडजूड पाव, चांगले चार-पाच. "हे रोज?"

"उपासात रोज प्रार्थना असते ना. एरवी फक्त रविवारी."

"हे तू डॉक्टरला सांगितलंस?"

"का सांगू? हे काय जेवण आहे? बरकत आहे ती." तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

"मग एक तुकडा खा. सगळे कशाला?"

"टाकायचे? चुरा जमिनीवर पडला तरी उचलून तोंडात घालावा लागतो. शिळे होण्याआधी संपवायला हवेत." मग हळूच म्हणाली, "मला जात नाहीत गं. पाण्याने ढकलते."

"काका का नाही खात?"

"त्यांना साखर आहे. डॉक्टरांनी पाव बंद केलाय. आणि त्यांच्या घरात दुसरं कोणी खात नाही."

म्हणजे बघा. काकांना पाव फेकताही येत नव्हते, खाताही येत नव्हते. मग चौथ्या मजल्यावर एक बाई होती, जी नाही म्हणत नाही. तिच्याकडे रोज पाठवायचे, आणि वर तिलाच जिभेचा उपदेश करायचा.

"मावशी, तू काय त्यांची पवित्र कचरापेटी आहेस?"

तिने घाईघाईने क्रॉसची खूण केली. "तोंड सांभाळ, युस्तिना!" पण हातातला पाव तिने पिशवीत परत ठेवला.

"तू उद्या लवकर येशील?" तिने विचारलं.

मी शेवटचा तास बुडवून आले. इथे एक सांगायला हवं. यंदापासून सकाळी शाळेच्या मैदानात माइकवर बातम्या मी वाचते. पहिल्या दिवशी पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं नव्हतं. आता माइक बंद पडला तरी मागच्या रांगेपर्यंत ऐकू जातं.

काका आले. "वहिनी! जिभेला आवरलं का?"

"आवरलं, काका!" मी गॅलरीतून ओरडले. टोपली वर आली. मावशीने पिशवीतून एक पाव काढला, त्याचा एवढासा तुकडा मोडून डोळे मिटून खाल्ला, आणि उरलेला पाव पिशवीत ठेवून पिशवी टोपलीत टाकली. "सोड," ती म्हणाली.

मी दोरी सोडली आणि तिसऱ्या मजल्याशी थांबवली. "मनालताई! बरकत आलीय, घ्या!" ताई ओल्या हातांनी बाहेर आली, पाव कपाळाला लावला, एक पोरांसाठीही घेतला. दुसऱ्या मजल्यावर हजला जाऊन आलेल्या हज्जा नजात राहतात. त्या म्हणाल्या, "आम्हाला चालतं का गं?"

"पाव आहे, हज्जा. तुमच्या मसुराबरोबर झकास लागेल."

"मग दे की! इतके दिवस कुठे होता?"

"मावशीच्या पोटात!"

गल्ली हसली. टोपली खाली पोहोचली तेव्हा आत एकच पाव उरला होता, मोडलेला.

"हे काय?" काका म्हणाले.

"तुमचा वाटा, काका!"

"मला साखर आहे, पोरी!"

"मग टाकून द्या!"

कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला इस्त्री हातात धरून बघत होता. हज्जा गॅलरीत कोपर टेकून उभ्या होत्या. बरकत टाकून देणारा भट्टीवाला कोणालाच बघायचा नव्हता, म्हणजे खरं तर सगळ्यांनाच बघायचा होता. काकांनी तो पाव तोंडात घातला आणि चावत बसले. पाणीही कोणी विचारलं नाही.

वरून मावशीचा आवाज आला, "भावजी, सावकाश. ढकलावा लागतो."

दुसऱ्या दिवसापासून पिशवीत एकच पाव येऊ लागला, आणि उपदेश बंद झाला. आम्ही रोज खुर्चीत बसून पाण्याच्या बाटल्या हातांनी वर-खाली करायचो आणि एकेक पाय उचलायचो. काटा आधी नुसता कुरकुरला, मग हलला. डॉक्टर रामेझ पडद्यावर म्हणाले, "बघितलंत? काकडी बंद केली ना!"

"काकडी रोज खातेय," मावशी म्हणाली. "आणि मी खोटं बोलत नव्हते. आधी तेवढं म्हणा, डॉक्टर."

डॉक्टरांचं नेटवर्क अचानक गेलं. दात मात्र थोडा वेळ पडद्यावर अडकून राहिले.

वजन दाखवायच्या दिवशी मावशीने ठेवणीतला निळा झगा घातला. तिची पर्स मी टोपलीतून खाली सोडली, म्हणजे तिचे दोन्ही हात मोकळे. एक हात कठड्यावर, एक माझ्या खांद्यावर. एकेक पायरी उतरताना ती दात आवळून कण्हत होती, पण थांबायचं ठरवायची ती स्वतःच. हज्जा दारात स्टूल घेऊन उभ्या होत्या. मावशी टेकली, पाणी प्यायली, उठली.

खाली काका उभे होते, तेच चार वीर आणि तीच खुर्ची घेऊन. "वहिनी, मी म्हटलं तुम्हाला जमणार नाही, म्हणून—"

"तुम्ही बसा, भावजी," मावशी म्हणाली. टोपलीतून पर्स उचलून ती टॅक्सीत जाऊन बसली.

दवाखान्यातला काटा एकोणनव्वदच्या जरा वर थांबला. नर्सने परत एकदा चढायला लावलं. तेवढाच. सर्जनने तारीख लिहिली आणि विचारलं, "या वेळी कोणी उचलून आणलं?"

"कोणी नाही," मावशी म्हणाली, आणि बूट घालायला वाकली.