पाठुंगळीला

टांग्याचं चाक निखळलं तसे डॉक्टर मोहनराव उडी मारूनच रस्त्यावर उतरले. पिंपळी अजून मैलभर होती.

"पळत गाठू, सर्जेराव. बॅग घे!"

सर्जेरावाने ती कधीच उचलली होती. त्याची बायको दगडाबाई कालपासून अडली होती. पोर आडवं आहे, असं सुईण तानूबाईने सांगताच तो बारामतीपर्यंत धावत आला होता. आता पुन्हा धावत निघाला. दोन वर्षांपूर्वी, पस्तीस सालच्या उन्हाळ्यात, हाच माणूस दवाखान्याच्या पायरीवर खोकून खोकून वाकला होता. "बिडी सोड, नाहीतर इथं पाऊल ठेवू नकोस," असं मोहनरावांनी त्याला खडसावलं होतं, आणि तो जाताच स्वतःची सिगारेट पेटवली होती.

दोनशे पावलांतच मोहनरावांच्या छातीत शिट्टी वाजू लागली. बाभळीला धरून ते थांबले.

"तू... हो पुढं."

"म्या जाऊन काय करू? बसा पाठीवर."

"अरे, लोक बघतील."

"बघू द्या की! बसा म्हंतो न्हवं!"

उसात खुरपणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. सर्जेराव डॉक्टरांना पाठुंगळीला मारून, एका हातात बॅग धरून बांधाबांधाने सुटला होता. मोहनरावांचा कान त्याच्या पाठीला टेकला. आत श्वास भात्यासारखा चालला होता, पण घरघर कुठेच नव्हती.

तानूबाईने पाणी उकळून ठेवलं होतं. मोहनरावांनी हात धुतले, पोराचा पाय चाचपून धरला आणि दमादमाने त्याला वळतं केलं. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला तरी हात हलू दिला नाही. मग एकदम खणखणीत टाहो घुमला.

"पोरगी!" तानूबाई दारातून ओरडली. "आन् आई बी धड हाय!"

अंगणात एकच गलका उडाला. सर्जेराव दिसेल त्याच्या हातावर गूळ ठेवत सुटला. ओट्यावर टेकलेल्या मोहनरावांपुढे येऊन तो उकिडवा बसला.

"डाक्तर, राग मानू नका. शिगरेट सोडा म्हून तुमाला कुनी सांगितलं न्हाय व्हय?"

 मोहनरावांनी बाजूला सरकून ओट्यावर जागा केली.

"वर बसा, सर्जेराव," ते म्हणाले. "बिडीवाचून पहिले आठ दिवस कसे काढलेत?"