उसना शर्ट

यादिरा सेंदेहासने सातवीत असताना शाळेतून एक शर्ट चोरला होता, आणि त्याची तिला आजतागायत लाज वाटलेली नाही. नारिंगी, राक्षसाच्या मापाचा, पाठीवर काळ्या ठसठशीत अक्षरांत ‘उसना’ छापलेला. पीटीचे कपडे विसरेल त्याने दिवसभराच्या घामाने आंबलेला हा शर्ट घालायचा, असा कोच प्रुइटचा नियम. यादिरा विसरली नव्हती. तिचे कपडे सार्वजनिक लॉन्ड्रीतल्या ड्रायरमधून कुणीतरी लांबवले होते आणि नवे घेणं आईला जमत नव्हतं.

“कारणं घरी ठेवून यायची, कपडे घेऊन यायचे,” कोच सगळ्या वर्गापुढे म्हणाला होता.

वर्षभर तो शर्ट तिच्या अंगावर. पोरांनी तिचं नावच ‘उसनी’ पाडलं. कोचच्या कानावर ते जायचं, आणि तो शिट्टी चघळत हसायचा. वर्गात सगळ्यांत जोरात धावणारी पोरगी होती ती. पुढे तिने धावणंच सोडलं.

बदामाच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवल्यावर तिने गावच्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. विषय किनेसिऑलॉजी, म्हणजे माणसाचं अंग कसं हलतं त्याचं शास्त्र. “पीटीची टीचर व्हायचंय,” असं ती सगळ्यांना सांगे. ते अर्धंच खरं होतं. तिला त्याच शाळेत, त्याच मैदानावर, प्रुइटच्या नाकावर टिच्चून उभं राहायचं होतं. आणि हा बाबा तिचं शिक्षण पुरं व्हायच्या आत निवृत्त होऊन बसला! तिला असा संताप आला की विचारू नका.

पण देवाच्या घरी उशीर असतो, अंधेर नसतो. कॉलेजात आजारी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी व्यायामाचा तास चालायचा. विद्यार्थ्यांनी एकेकाला सांभाळायचं आणि त्यावरच त्यांच्या शिक्षिका मुआबाई पास-नापास ठरवणार. यादिराच्या वाट्याला आला तो वॉल्टर प्रुइट. अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, डावा हात लोंबता. त्याने तिला ओळखलंसुद्धा नाही.

त्या दिवसापासून नारिंगी शर्ट तिच्या पिशवीत तयार होता. दुसऱ्याच आठवड्यात प्रुइट बटणांच्या कडक शर्टात आला.

“कपडे विसरलो गं,” तो ओशाळून म्हणाला. “झटक्यानंतर डोक्यात काही राहतच नाही बघ.”

“कारणं घरी ठेवून यायची, कोच. कपडे घेऊन यायचे.”

तो चमकून तिच्याकडे बघत राहिला. तिने त्याची बटणं काढली आणि नारिंगी शर्ट त्याच्या डोक्यावरून घातला. अधू हात आधी, हा पहिल्या महिन्यातला धडा. तिने मुद्दाम चांगला हात आधी घातला. व्हायचं तेच झालं. प्रुइट अडकला, तोंड शर्टात, पोट उघडं.

“थांबा सगळे,” यादिरा मोठ्याने म्हणाली. “कोचचं अजून घालून व्हायचंय.”

सगळे थांबले, बघत राहिले. तिला फार बरं वाटलं.

“यादिरा,” मुआबाई पलीकडून शांतपणे म्हणाल्या, “आधी कुठला हात?”

तिचे कान तापले. “अधू,” ती पुटपुटली आणि शर्ट काढून पुन्हा नीट घालायला लागली. शर्टाची पाठ समोर येताच प्रुइटने अक्षरं वाचली.

“अरे, हा तर आमच्या शाळेचा! मी धुऊ द्यायचो नाही हा. पोरं परत विसरायची नाहीत.”

“मी विसरले नव्हते. कपडे ड्रायरमधून चोरीला गेले होते.”

“मग सांगायचंस ना पोरी.”

“सांगितलं होतं.”

प्रुइटने अधू हात बाहीत सरकवू दिला. रांगेत जाऊन उभा राहिला तसं मागच्या दोन्या चायो या आजीबाईने पाठ वाचली. म्हातारी तोंडाची फटकळ.

“चल रे उसन्या, उचल पाय! माझा नवा गुडघा तुझ्यापुढे जाईल!”

सगळे हसले. “उसना, उसना!” कुणीतरी टाळ्यांवर ताल धरला. प्रुइटची मान लाल झाली आणि नजर जमिनीला खिळली. हेच तोंड बघायला यादिरा सतरा वर्षं थांबली होती. तिने त्यांना पोटभर हसू दिलं. ते थांबवायचं काम शिट्टीवाल्याचं असतं, आणि आज शिट्टी तिच्या गळ्यात होती.

तिने ती जोरात वाजवली.

“त्यांचं नाव कोच प्रुइट आहे,” ती म्हणाली. “नावाने हाक मारायची.”

तास पुढे सुरू झाला. शर्ट मात्र तिने शेवटपर्यंत त्याच्या अंगावरून काढू दिला नाही.